एक जूनचे माने काका

"म्याडम, जन्मतारीख काय तुमची?" माने काकांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि दुसरा प्रश्न टाकला, "कागदावरची का खरी?"

मला हसूच फुटलं. मी चोवीस वर्षांची, सांगलीच्या दवाखान्यात जन्मलेली, माझी खरी तारीख आणि कागदावरची तारीख वेगळी कशाला असेल? पण हा माणूस हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा. कुरिअरवाल्याला, खालच्या चहावाल्याला, एकदा तर वीजमीटर बघायला आलेल्या साहेबांनाही. आणि समोरचा "कागदावरची" म्हणाला की काका खूश व्हायचे, जणू गाववाला भेटला.

आमचं ऑफिस गणपती पेठेमागच्या एका बोळात, हळदीच्या अडतीच्या वर होतं. सहा माणसं आणि सात कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. जिन्यात पाय ठेवला की हळदीचा वास. घरी गेल्यावर आई म्हणायची, "तू नोकरी करतेस का हळद कुटतेस?" आमचे मालक शिरीष सर. त्यांनी एका शिक्षणसंस्थेचं काम धरलं होतं. माण भागातल्या त्यांच्या शाळांचे जुने रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि शाळा सोडल्याचे दाखले छापून द्यायचे. प्रोग्रॅम लिहायचा मी, आणि छापून निघालेला कागद न कागद तपासायला ठेवले होते माने काका. मूळचे म्हसवडचे, फौजेत हवालदार क्लार्क म्हणून आयुष्य काढलेले, आता मुलाच्या नोकरीपायी सांगलीत राहणारे.

मी जावामध्ये प्रोग्रॅम लिहिते असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जावा म्हंजे फटफटी न्हवं? आमच्या सुभेदार सायबांकडं हुती. लय आवाज करायची." ही जावा वेगळी, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांना कळलं नव्हतं असं मुळीच नाही. तरीही रोज सकाळी दारातनंच विचारायचे, "काय म्याडम, बसली का किक?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल असायची. छापील यादी पुढं घ्यायची, पहिल्या ओळीखाली पट्टी लावायची, नाव आणि तारीख तोंडानं पुटपुटत वाचायची, मूळ कागदाशी ताडायची आणि "बराबर हाय" म्हणत निळी खूण करायची. पट्टी एक ओळ खाली. पुन्हा "बराबर हाय". चुकलेल्या ओळीला लाल गोल, आणि तो कागद माझ्या टेबलावर. सोबत फौजेतलं हिंदी, "फिर से देखो." दिवसभर हे ऐकून ऐकून मला झोपेतही बराबर हाय ऐकू यायचं.

तारखेचं त्यांना वेडच होतं म्हणा ना. चहापत्तीच्या डब्यावर तारीख, पाण्याच्या फिल्टरवर तारीख, ट्यूबलाइटच्या पट्टीवरही ती कधी बसवली त्याची तारीख. फळ्यावर लिहायचा एक मार्कर मी कचऱ्यात टाकला, तर त्यांनी तो उचलून त्याच्यावरची चिकटपट्टी वाचली. "तीन म्हयनं बी न्हाई चालला. दुकानदाराला सांगतो." आणि खरोखर जाऊन सांगून आले. तारीख नसलेल्या कागदावर सही करायची नाही, हा त्यांचा नेम. एकदा शिरीष सरांची रजेची चिठ्ठी तारीख नाही म्हणून परत केली. मालकाला रजेची चिठ्ठी लागत नाही, ती सरांनी गमतीत लिहिली होती, पण काकांनी ती परत केलीच.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? एका शून्यासाठी चाळीस पानांचा गठ्ठा परत पाठवणारा माणूस कुणाला आवडेल? मी आपली चिडचिड करत बसायची आणि दुपारी ते डबा उघडून बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटलीत ठेवायचे. "रागानं कोड चुकतोय म्याडम. आदी खावा."

आता एक जूनचं सांगते. आमच्याकडं पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं आणि जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी बिनदिक्कत एक जून ठोकून द्यायचे. शाळा जूनमध्ये सुरू, वय मोजायला सोपं. त्यामुळं एका पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली. माझे बाबा एक जून, दोन्ही काका एक जून, आत्यासुद्धा एक जून. आजीला चौघं एकदम झाली की काय, असं आम्ही चिडवायचो.

माने काकाही एक जूनचे. ऑफिसात आम्ही त्यांच्यासाठी केक आणला. त्यांनी तो व्यवस्थित कापला, सगळ्यांना दिला, स्वतः खाल्ला आणि मग म्हणाले, "ह्यो केक कागदाचा झाला. माझा न्हाई."

"मग तुमचा कधी?"

"आई म्हणत्या, रथाच्या दिशी झालास. शिद्धनाथाचा रथ निघालेला, सुईण रथ बघाय गेलेली. तिला गर्दीतनं वडून आणली तवा मी झालो. जलमभर माझ्यावर डाफरायची ती. तुझ्यापायी रथ चुकला म्हणायची." आणि खुदुखुदू हसले.

म्हसवडचा रथ मार्गशीर्षात असतो. म्हणजे गुरुजींनी काकांना सहा महिने आधीच जन्माला घातलं होतं. तेव्हा मला ही नुसती गंमत वाटली.

दाखल्यांचं काम संपलं, गठ्ठे शाळांना गेले. मुख्याध्यापकांनी भराभर सह्या करून ते मुलांना वाटलेही. कॉम्प्युटरनं काढलंय म्हटल्यावर कोण बघतंय? तीन-चार महिने बरे गेले.

मग एका सोमवारी दुपारी एक मुलगी जिना चढून आली. कोमल तिचं नाव. पायात धावायचे बूट, टाचेला झिजलेले. म्हसवडच्या पलीकडच्या वाडीतली, घरची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू शेती. दोन एसट्या बदलून एकटीच आली होती. तिनं आमचा दाखला आणि सरकारी दवाखान्याची जुनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. लष्कराच्या भरतीचा अर्ज भरायचा होता, शेवटची तारीख शुक्रवार. चिठ्ठीवर जन्म बावीस ऑगस्टचा. दाखल्यावर एक जून, वर्ष तेच. एक जून धरला तर ती वयोमर्यादेच्या बाहेर जात होती. बावीस ऑगस्ट धरला तर आत, आणि तिची ही शेवटचीच संधी होती.

"शाळेत सांगितलं तर म्हणत्यात, एक जूनच आसंल, हितं सगळ्यांचाच एक जून आस्तोय," ती म्हणाली. "दवाखान्याची चिठ्ठी चालत न्हाई, दाखलाच पायजे. आन् दाखला सांगलीच्या कॉम्प्युटरवाल्यांनी काढलाय, तिकडं जा म्हणाले."

काका चष्म्यातनं दाखला बघत होते. तेही सहज म्हणून गेले, "एक जूनच आसंल की पोरी. माझा बी एक जूनच हाय."

ती जरा तडकलीच. "आवं काका, मी कवा झाले ते माझ्या आयला ठावं आसंल का तुमाला?"

काका उठले, कपाटातनं त्या शाळांच्या छापील याद्यांचा गठ्ठा काढला आणि पट्टी लावून बसले. कोमलला चहा दिला. तासाभरानं त्यांनी मला हाक मारली.

"म्याडम, एक सांगा. सा शाळा, येवढी पोरं. जानेवारीत झाल्यात, फेब्रुवारीत झाल्यात, सगळ्या म्हयन्यात झाल्यात. ऑगस्टात एक बी न्हाई. आख्ख्या माण तालुक्यात ऑगस्टात एक बी बाळंतीण न्हाई? आसं कसं?"

मी प्रोग्रॅम उघडला आणि ती ओळ पाहिली. पाहिली आणि कळलंच.

झालं होतं असं. शाळांच्या टायपिस्टांनी आम्हाला पाठवलेल्या मूळ कागदांत तारखा इंग्रजी थाटात लिहिल्या होत्या. एकवीस तारीख असेल तर 21st, बावीस असेल तर 22nd, तेवीसला 23rd, चोवीसला 24th. जावाला नुसता आकडा, महिना आणि वर्ष कळतं, आकड्यामागचं ते शेपूट कळत नाही. म्हणून मी एका ओळीत सांगून टाकलं होतं, की यातली कुठलीही अक्षरांची जोडी दिसेल तिथं काढून टाक. दिसेल तिथं! आणि ऑगस्टच्या इंग्रजी नावाच्या शेवटीही नेमकी 21st मधलीच अक्षरं, एस आणि टी. आकड्याचं शेपूट कापता कापता माझ्या प्रोग्रॅमनं ऑगस्टचंही शेपूट कापलं. उरलं Augu. असा महिना जावाला ठाऊक नाही. ती बिचारी प्रत्येक वेळी सांगत होती की ही तारीख मला वाचता येत नाही.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण न वाचता येणाऱ्या तारखेचं काय करायचं, हेही मीच लिहिलं होतं. वर्ष तेवढं घ्यायचं आणि एक जून टाकायचा. का? घाई होती, शिरीष सर मागं लागले होते, आणि तारीख माहीत नसली की एक जून, हे मी लहानपणापासून घरात बघत आले होते. पदवीधर इंजिनिअर बाई मी, केलं काय, तर जुन्या गुरुजींचंच काम. तेही दवाखान्यात जन्मलेल्या, चिठ्ठ्या असलेल्या पोरांच्या बाबतीत.

मी काकांना सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी यादी माझ्याकडं फिरवली.

"यादीवर निळी खूण माझीच हाय," ते म्हणाले. "आठवतंय मला. मूळ कागद हुता समोर. पण एक जून दिसला की मला आपला माणूस भेटल्यावानी वाटतंय. म्हणून ताडून बघितलंच न्हाई. समद्या तारखा ताडल्या, एक जून तेवढा सोडला."

दुरुस्ती एका ओळीची होती. आकड्याला चिकटलेलंच शेपूट कापायचं, बाकी कुठल्या अक्षराला हात लावायचा नाही. आणि ती एक जूनची ओळ पुसून टाकली. काका माझ्या मागं उभे होते. म्हणाले, "त्या जावाला सांगा, न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हण. आपल्या मनाची तारीख दुसऱ्याच्या नावाम्होरं लावायची न्हाई." तेव्हापासून माझ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये न समजलेली गोष्ट बाजूला निघते आणि माणसापुढं येते. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही.

पण प्रोग्रॅम सुधारून दाखला सुधारत नव्हता. शाळा म्हणाली, दिलेला दाखला बदलायचा तर चूक कुणाची ते कंपनीनं लेखी द्यावं. शिरीष सर हैराण. "स्नेहा, अगं लेखी दिलं की काम हातातनं गेलं समज. मी मुख्याध्यापकांशी फोनवर बोलतो, त्या मुलीचा एक दाखला गुपचूप बदलून घेऊ. बाकीच्यांचं कोण बघतंय?"

खरं सांगू? मला हायसं वाटलं होतं. माझं नाव कुठं येणार नव्हतं, मुलीचं कामही झालं असतं. मी मान डोलावलीसुद्धा. काका मात्र जागचे हलले नाहीत.

"सायेब, माझी बढती हुती नायब सुभेदारीची. यादीत नाव बसलेलं. वय चार म्हयन्यांनी जास्त भरलं. कागदावरचं वय. आई म्हणत्या तसं धरलं आस्तं तर दोन म्हयनं शिल्लक ऱ्हात हुतं. मी कुणाला सांगणार, आई रथाच्या दिशी म्हणत्या म्हणून? गुरुजी तवर वारलेले." आवाज अजिबात चढला नव्हता. "माझ्या गुरुजींना चूक सांगाय कुणी गेलं न्हाई. आपल्याला सांगितलंय की. ती पोरगी चार तास बशीत बसून सांगाय आलीया. बाकीची पोरं येणार न्हाईत, त्यास्नी ठावंच न्हाई."

त्या दिवसापर्यंत त्यांनी ही बढतीची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. सुईण आणि रथाची गंमत सांगून हसणारा माणूस पोटात एवढं घेऊन आमच्यात वावरत होता. मला स्वतःची फार लाज वाटली. मी म्हटलं, "सर, मी लिहून देते. चूक माझी आहे."

पत्र काकांनी लिहिलं, फौजी थाटात, मुद्द्याला मुद्दा. खाली माझं नाव, प्रोग्रॅम लिहिणार म्हणून. त्याखाली त्यांचं, तपासणार म्हणून. मी सही केली तर कागद माझ्यापुढं परत आला. तारीख राहिली होती.

शिरीष सर दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पण शिक्का त्यांनीच मारून दिला, हेही सांगायला हवं.

बुधवारी सकाळच्या गाडीनं काका आणि मी विट्याला, तिथनं दुसऱ्या गाडीनं मायणीवरनं म्हसवडला. बाहेर ऊस संपत गेला आणि उघडी माळरानं सुरू झाली तसे काका खुलत गेले. कुठलं तळं कुणाचं, कुठल्या वळणावर त्यांच्या भरतीच्या वेळी ट्रक बंद पडला होता, सगळं सांगत होते. मी काही ऐकत नव्हते. माझ्या मांडीवर नवीन दाखल्यांची फाइल होती आणि मुख्याध्यापक काय म्हणतील याचीच धास्ती.

शाळेत पोचलो तर ते अजिबात रागावले नाहीत. पत्र वाचलं, शिपायाकडनं जुनं रजिस्टर मागवलं. जांभळ्या शाईत, अक्षरी आणि अंकी, बावीस ऑगस्ट. मुख्याध्यापक जरा ओशाळले. "सही तर माझीच आहे यावर. मीही उघडून बघितलं नाही." आणि नवा दाखला सही करून सकाळपासून तिथं थांबलेल्या कोमलच्या हातात दिला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला. काकांनी तिला तारीख मोठ्यानं वाचायला लावली, पट्टी लावून निळी खूण केली, आणि मग विचारलं, "काय पोरी, कागदावरची का खरी?"

"दोनी एकच हाय की, काका," ती म्हणाली आणि हसली. काकांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. मीही खिडकीबाहेर बघत बसले.

बाकीच्या ऑगस्टवाल्यांचे दाखले टपालानं पाठवू, असं मी म्हटलं. काका नाही म्हणाले. पुढचे सगळे रविवार ते एसटीनं त्या भागात जायचे, चुकीचा दाखला हातात घ्यायचे, नवा द्यायचे आणि यादीवर खूण करायचे. दोन रविवार मीही गेले. एका वाडीत एका पोरीची आई म्हणाली, "आवं मामा, तीन म्हयन्यांनी काय आभाळ कोसळतंय?" काका म्हणाले, "कवा कवा कोसळतंय, ताई," आणि पाणी पिऊन पुढच्या घराकडं निघाले.

काम हातातनं गेलं नाही. उलट संस्थेनं आणखी शाळा दिल्या, पत्र वाचून. कोमल पुढं भरतीत निघाली. ट्रेनिंगला जायच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन ऑफिसात आली, आणि काकांनी पेढ्याच्या बॉक्सवर आधी तारीख घातली.

गेल्या वर्षी काकांची आई एकटीनं वावरेनाशी झाली, म्हणून त्यांनी नोकरी सोडून म्हसवडला परत जायचं ठरवलं. त्यांना काय द्यावं, मला सुचेना. घड्याळ, शाल, काहीच त्यांचं वाटेना. मग एकदा काम करता करता सुचलं. तारखांचा प्रोग्रॅम बिघडलाय का हे रोज तपासण्यासाठी मी नमुन्याच्या तारखांची यादी केली होती. रोज सकाळी प्रोग्रॅम ती आपणहून वाचतो आणि बरोबर का चूक सांगतो. पहिली तारीख कोमलची होती, बावीस ऑगस्ट. मी काकांच्या जन्मवर्षाचं जुनं पंचांग शोधलं. वर्ष गुरुजींनी बरोबर लिहिलं होतं, आईचंही तेच म्हणणं होतं. रथ मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला. त्या वर्षी ती आली होती एकवीस नोव्हेंबरला. मी ती यादीत सगळ्यात वर टाकली, शेपटासकट, आणि पुढं नाव घातलं, माने काका.

त्यांचा विश्वास कागदावरच. म्हणून छापून घेतलं आणि सांगलीच्या स्टँडवर गेले. विट्याची गाडी लागलेली होती, काका खिडकीशी बसले होते, मांडीवर वायरची पिशवी. मी खालूनच कागद वर दिला. म्हटलं, "काका, जावानं वाचलेली तारीख आहे. रोज सकाळी वाचते. तपासून द्या."

त्यांनी चष्मा लावला. खिशातनं पट्टी काढून पहिल्या ओळीखाली ठेवली. नेहमीसारखं पुटपुटत वाचायला लागले आणि मध्येच थांबले. मूळ कागद शेजारी नव्हताच. ताडायचं कशाशी? आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखांवर खुणा केलेला माणूस.

"ही रथाच्या दिशीची?" त्यांनी विचारलं.

"हो. त्याच वर्षीची."

कंडक्टरनं घंटी मारली. काकांनी पेन्सिल काढली, उलटीसुलटी करून निळं टोक बघितलं आणि सावकाश खूण केली. गाडी मागं जायला लागली होती. ते खिडकीतनं वाकून काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण ओठ मला पाठ होते.

बराबर हाय.